पेवाच्या तोंडाशी

आमच्या घरात कोणत्या डब्यात किती डाळ उरली आहे, हे माझ्या बायकोला झाकण न उघडता सांगता येतं. मला राग कशानं येतो आणि कशानं उतरतो, हेही तिला पाठ आहे. पण आता जे लिहायला बसलो आहे ते तिला ठाऊक नाही. कोणालाच नाही. सात वर्षं मी हे सांभाळलं — नाही, सांभाळलं हा शब्द चुकीचा आहे. सांभाळतात ती चांगली वस्तू. मी हे लपवलं.

तुम्ही मला ओळखत नाही, ते एका अर्थी बरं. कामरगावात माझं धान्याचं दुकान आहे, थोडी शेती आहे, वय पन्नाशीला टेकलं आहे. गावात मला नाना म्हणतात. माझ्या काट्यावर तोललेला माल कोणी दुसऱ्यांदा तोलून पाहत नाही. कारंज्याच्या बाजारात माझ्या नुसत्या शब्दावर गाड्या रिकाम्या होतात. ही बढाई समजू नका. जे पुढं सांगायचं आहे ते इतकी वर्षं कशाच्या आड दडून राहिलं, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगतो.

मला मोठ्या माणसांच्या चरित्रांचा नाद आहे. दुकानात गादीच्या वर तीन तसबिरी आहेत. एक घोड्यावर बसलेल्या राजाची. दुसरी एका गिरणीमालकाची — फेरीवाला म्हणून सुरुवात करून तो गिरणीचा धनी झाला. ते चित्र मी एका साप्ताहिकातून कापून घेतलं होतं. आणि तिसरी माझ्या आजोबांची, दाजीबांची. त्यांचा फोटो कधी निघालाच नव्हता. कारंज्याच्या एका पेंटरनं माझ्या वडिलांचे नाक-डोळे घेऊन, वर पागोटं चढवून ती काढली.

ही माणसं नुसती पाहायची नसतात, त्यांच्यासारखं करायचं असतं, असं मी मानत आलो. गिरणीमालक पहाटे चारला उठायचा असं वाचलं, मी चारला उठायला लागलो. तो कोणाचंही बोलणं तोडत नसे, तर मीही गिऱ्हाइकाचं सगळं ऐकून घ्यायला शिकलो. बायको एकदा चूल पेटवता पेटवता म्हणाली, "त्या गिरनीवाल्याच्या बायकोचं बी एखांदं पुस्तक आना ना. थे किती वाजता उठे, मले बी वाचू द्या." मी हसलो. पण चारचं उठणं सोडलं नाही. या सवयींनी माझं भलंच केलं. दुकान उभं राहिलं ते त्यांच्यावरच.

आणि सगळ्यांच्या वर दाजीबा. त्यांची गोष्ट आमच्या गावात लहान पोरालाही येते. मोठ्या दुष्काळात आसपासच्या खेड्यांतली माणसं त्यांच्या दारात येऊन बसली, आणि दाजीबांनी आपलं पेव फोडलं. ज्या दिवशी माणसं आली त्याच दिवशी फोडलं. पेव म्हणजे जमिनीतला खड्डा — तोंड अरुंद, पोट मोठं, आतून कडबा लावलेला. त्यात ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवून मातीनं लिंपायचं. वर्षानुवर्षं धान्य तसंच राहतं. "दाजीबा एक दिवस थांबले नाहीत" — हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की ते माझ्या नावासारखं माझं झालं होतं.

हे वाक्य लक्षात ठेवा. सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

पहिल्या निवडणुका होऊन गेल्या होत्या. आपला हा भाग अजून मध्यप्रदेशात होता. त्या वर्षी पावसानं ऐन वेळेला पाठ फिरवली, ज्वारीची कणसं भरलीच नाहीत आणि दुकानातले भाव वर चढू लागले. माझं पेव भरलेलं होतं. मी ठरवलं, ते फोडायचं आणि ज्वारी जुन्या भावानं द्यायची. फुकट नाही. मी दाजीबा नव्हतो. पण जुन्या भावानं. हा निर्णय चांगला होता. आजही मला तो चांगलाच वाटतो, आणि म्हणूनच पुढचं सांगणं कठीण जातं. वाईट काम करायला निघालेल्या माणसानं वाईट केलं, तर त्यात सांगण्यासारखं काय आहे?

नागपूरचे एक पुढारी त्याच आठवड्यात गावात सभेला यायचे होते. पाटील दुकानात आले. "नाना, पाहुन्यायच्या समोर पयलं पोतं निघालं पायजे. फोटोवाला बी येऊन राह्यला." मला ते पटलं. पटलं कसलं — आवडलं. पेव आदल्या दिवशी उघडून ठेवायला हवं होतं, हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण मग लोकांसमोर दगड हलवण्यात काय उरलं असतं? मी सभेच्याच दिवसाची दुपार धरली.

बळीराम माझा सालदार. वर्षाच्या बोलीवर माझ्या शेतात राबणारा, पस्तिशीचा, अंगानं सडपातळ, म्हणून पेवात उतरायला तोच. गळ्यात तुळशीची माळ. बोलणं कमी, पण बोलला की समोरच्याला हसवून सोडायचा. दगड हलवला, आतून तो आंबट, कोंदट वास वर आला आणि बळीरामानं नाक आक्रसलं. "मालक, आज नोको. लई दिसाची हवा कोंडेल हाये. उद्या सकाळी उतरतो."

मी त्याला म्हणालो, दाजीबा एक दिवस थांबले नव्हते.

"थे थांबले नसतीन मालक, पन खाली कोन उतरलं व्हतं थे बी कोनी सांगत नाही ना!" तो म्हणाला, आणि आजूबाजूची माणसं हसली. मीही हसलो. पण मला ते लागलं. मग तोच म्हणाला, "बरं. कंदील सोडा. टिकला तं उतरतो."

ही आमच्याकडची रीत आहे. पेवात माणूस उतरण्याआधी दोरीनं पेटता कंदील सोडायचा. खालची हवा वाईट असली की कंदील विझतो. मग उतरायचं नाही, थांबायचं. आणि कंदील सोडायचा तो पेवाच्या धन्यानं, स्वतःच्या हातानं. उतरणारा माणूस तिकडं कमरेला दोर बांधत असतो, तो खाली वाकून पाहत नाही. धनी सांगेल ते खरं. ज्याचं धान्य आहे त्यानं आपल्या माणसाला दिलेला तो शब्द असतो.

मी गुडघ्यावर बसलो आणि कंदील सोडला. मागं डफडं वाजत होतं. कोणीतरी ओरडलं की पाहुण्यांची जीप फाट्यावर आली. बळीराम निंबाच्या बुंध्याशी दोराची गाठ आवळत होता.

कंदील खाली गेला. ज्योत आधी निळी झाली, मग बारीक झाली, मग विझली.

मी ते पाहिलं. नीट पाहिलं. तेल संपलं असेल, वात आखूड असेल, काचेला धक्का लागला असेल, असं त्या क्षणी माझ्या मनात आलं असतं, तर आज मी हे लिहीत नसतो. असं काहीही आलं नाही. मला कळलं होतं. मी कंदील वर ओढला, लोकांकडं माझी पाठ होती, खिशातून काडीपेटी काढली, काच वर केली, वात लावली. आणि मग वळून पेटता कंदील उंच धरला.

"टिकला काय, मालक?" बळीरामानं विचारलं.

"टिकला," मी म्हणालो.

तो उतरला. पहिली टोपली भरायला वाकला असेल-नसेल, दोर एकदम जड झाला. दोर धरणारे दोघेही कसलेले होते. त्यांनी त्याला ओढून काढलं तेव्हा त्याचा चेहरा काळानिळा पडला होता, आणि तोंडात ज्वारीचे दाणे गेले होते. तेवढ्यात पाहुण्यांची जीप आली. त्याच जीपमध्ये घालून त्याला कारंज्याच्या दवाखान्यात नेलं. उचलून जीपमध्ये ठेवताना मी त्याच्या डोक्याशी होतो. फोटोवाल्यानं नेमका तो फोटो घेतला, आणि तो नागपूरच्या पेपरात छापूनही आला. बायकोला तो काचेत बसवून दुकानात लावायचा होता. मी नको म्हणालो. तिला तो माझा विनय वाटला.

बळीराम वाचला. पण जीभ जड झाली ती झालीच. शब्द एकमेकांत चिकटायला लागले, आणि चालताना तोल जायला लागला.

आता दुसरी गोष्ट. पहिलीपेक्षा ही वाईट आहे असं मला वाटतं, कारण इथं घाई नव्हती, डफडं नव्हतं, जीप नव्हती. दोन दिवसांनी पाराशी माणसं जमली होती. पाटलांनी विचारलं की कंदील टिकला होता तर असं झालं कसं? कोणीतरी म्हणालं, "रातची उतरेल नसंन." दुसरा म्हणाला, "अरे, माळकरी हाये थो." त्यावर पहिला — "माळ दिसाची, हातभट्टी रातची!" सगळे हसले. पाटील माझ्याकडं वळले. "काय नाना? पेला व्हता काय?"

मी म्हणालो, "असेल."

एवढंच. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गुन्हा दोन शब्दांत मावतो — टिकला, आणि असेल. यांतला एकही मी ओरडून बोललो नाही.

आणि मग त्या शब्दाचं काय झालं ते पाहा. बळीराम दवाखान्यातून आला तो अडखळत बोलत, झोकांड्या खात. ज्यांना आधी खरं वाटलं नव्हतं त्यांनाही आता खरं वाटायला लागलं. पोरं त्याच्यामागं ओरडायची, "पाहा, अजून उतरली नाही!" मी त्याच्या पेवातल्या पडण्याला एक खोटं कारण दिलं, आणि त्या पडण्यानंच त्याच्या जिभेत त्या खोट्याचा पुरावा तयार करून ठेवला. तो जितकं सांगायचा की मी प्यालो नव्हतो, तितका तो प्यालेला वाटायचा. एक दिवस त्यानं सांगणंच सोडलं. त्यानंतर त्याला कोणी सालावर ठेवलं नाही. मीही नाही.

त्याची बायको कासाबाई माझ्याकडं आली होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ती उंबऱ्याशी उभी राहिली. "मालक, तुमी व्हते तेथी. माहा मानूस जलमात प्याला नाही. तुमी एकडाव पाटलाले सांगून द्या ना." मी म्हणालो, बाई, मी तर काही म्हटलंच नाही. हे खरं होतं का? "असेल" म्हणजे काही म्हणणं नव्हे, असा हिशेब मी मनाशी मांडला होता. "हो," ती म्हणाली, "तुमी काईच म्हनलं नाही." आणि गेली.

मी त्या घरी ज्वारी पाठवू लागलो. दर महिन्याला, न चुकता. गाव म्हणू लागलं, नाना म्हणजे दुसरे दाजीबा. प्यालेल्या माणसाचंही घर चालवतात. तुम्हाला कल्पना येते का? माझ्या खोट्यातून मला पुण्य मिळत होतं, आणि मी ते घेत होतो.

चार वर्षांनी इंझोरीला गेलो होतो, माझ्या आत्याकडं. दाजीबांची ती धाकटी मुलगी, आता साठी उलटलेली, पण जीभ विळ्यासारखी. शाळेत दाजीबांवर भाषण द्यायचं आहे असं तिला सांगितलं आणि माझं ते वाक्य म्हणून दाखवलं — एक दिवस थांबले नाहीत.

आत्या शेंगा फोडत होती. हात थांबला. "कोनं सांगतलं तुले? थांबले व्हते ना बाप्पा! पुरा दीड दिस थांबले. लोकं दारावर दगडं मारून राह्यले व्हते, शिव्या देऊन राह्यले व्हते — जवारी दाबून ठेवते म्हने. माहा बाप पेवाच्या तोंडाशी बसून. कंदील सोडे, विझे. सोडे, विझे. आन टिकला तवा पयले थोच उतरला, सालदाराले नाही उतरू देल्लं."

मी विचारलं, मग हे कोणी सांगत कसं नाही?

"पोट भरल्यावर थांबनं कोनाले आठोते? मले आठोते." तिनं पदर मागं सारून कपाळ दाखवलं. भुवईच्या वर एक पांढरी खूण होती. "दगड मले लागला व्हता." मग पुन्हा शेंगा फोडता फोडता सहज विचारल्यासारखं म्हणाली, "तुह्या त्या बळीरामाच्या टायमाले तू किती थांबला रे?"

"कंदील टिकला होता, आत्या," मी म्हणालो.

तिनं शेंगांचं सूप माझ्याकडं सरकवलं.

म्हणजे हेही सांगून टाकतो — मी सगळा जन्म ज्या माणसासारखं व्हायला धडपडलो, त्याच्या गोष्टीतला खरा भाग मला माहीतच नव्हता. त्यांचं मोठेपण पेव फोडण्यात होतंच, पण त्याहून जास्त ते त्या दीड दिवसात होतं. दारावर दगड पडत असताना एका सालदाराच्या जिवासाठी बसून राहण्यात. मी त्यांची नक्कल केली ती नेमकी उलटी. पण अज्ञानाचा हा आडोसा मला घेता येणार नाही. दाजीबा थांबले होते की नव्हते, यानं माझ्या हातातल्या कंदिलाला काय फरक पडत होता? तो माझ्या डोळ्यांदेखत विझला होता. आणि आत्याकडून परत आल्यावर मी शाळेत काय भाषण केलं? तेच. एक दिवस थांबले नाहीत. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मी आकड्यांचा माणूस आहे. या वर्षांत मी एक हिशेब पुन्हा पुन्हा मांडून पाहिला. एका पारड्यात त्या साली जुन्या भावानं ज्वारी नेलेली सगळी घरं. दुसऱ्यात एका माणसाचं नाव. दर वेळी पहिलं पारडं खाली जायचं आणि मी सुटल्यासारखा दुकान उघडायचो. चूक कुठं होती ते फार उशिरा दिसलं. पहिल्या पारड्यातला माल मी दुसऱ्या दिवशीही देऊ शकलो असतो. एक दिवस थांबलो असतो तर दुसऱ्या पारड्यात टाकायला काही उरलंच नसतं. असा खोटा काटा दुसऱ्या कोणाच्या दुकानात दिसला असता तर मी तो चव्हाट्यावर फोडला असता.

मागच्या पंधरवड्यात शाळेचं संमेलन झालं. मास्तरांनी दाजीबांवर छोटं नाटक बसवलं होतं. मी पहिल्या रांगेत, खुर्चीवर, गळ्यात हार. दुष्काळ आला, माणसं आली, दाजीबा ताडकन उठले — एक दिवस थांबणार नाही! आणि मग, लोकांना हसवायला म्हणून, एक दारुडा गडी. झोकांड्या खात आला, शब्द चिकटवत बोलला — अगदी बळीरामासारखा, पोरानं हुबेहूब उचललं होतं — आणि पेवात धपकन पडला. मंडप हसून हसून लोळला. पाटलांनी माझ्या मांडीवर थाप मारली.

बळीराम मागं कुडाला टेकून बसला होता. सगळे हसतात म्हणून, जरा उशिरा, तोही हसला.

कासाबाई बायकांच्या बाजूला होती. ती रंगमंचाकडं पाहत नव्हती. सगळा वेळ, हसू ओसरेपर्यंत, ती माझ्याकडं पाहत होती. दाजीबांची गोष्ट अशी तयार झाली असेल — पोट भरलेल्यांनी सांगितली आणि कपाळ फुटलेलीला कोणी विचारलं नाही. आता माझीही गोष्ट तयार होत होती. पुढच्या पिढीला ती पाठ होणार होती. त्यात एक दयाळू नाना असणार होता आणि एक दारुडा गडी.

त्याच संध्याकाळी मी ठरवलं, आणि त्यानंतर डगमगलो नाही. चार वाजता उठण्यासारखं ते ठरवलं आहे. रोज सकाळी पुन्हा विचार करायचा नाही. हेडमास्तरांनी येत्या शनिवारी मुलांसमोर बोलायला बोलावलं आहे. विषय त्यांनीच फळ्यावर लिहून ठेवला आहे — थोर पुरुषांपासून काय घ्यावे. पाटलांना यायला सांगितलं आहे, आणि त्या दिवशी पाराशी होते त्यांतल्या जेवढ्यांना सांगता आलं त्यांनाही. त्याआधी सकाळी मी बळीरामाच्या घरी जाईन, कारण ही गोष्ट त्यानं आणि कासाबाईनं गर्दीत बसून पहिल्यांदा ऐकावी हे बरं नाही. घरी बायकोला उद्या सांगतो. शनिवारनंतर माझ्या काट्यावर कोणी माल दुसऱ्यांदा तोलून पाहिला, तर ते योग्यच होईल. कासाबाईनं दारातून परत पाठवलं तर तेही.

भाषण मोठं नाही. शाळेसाठी दाजीबांच्या दीड दिवसाचं आत्याकडून ऐकलेलं सगळं सांगेन, तिच्या कपाळावरच्या खुणेसकट. आणि मग जे बळीरामाच्या अंगणात सकाळी सांगितलेलं असेल, तेच पुन्हा सांगेन. कंदील पेवात विझला होता. तो मी विझताना पाहिला. पाठ वळवून पुन्हा लावला आणि टिकला म्हणालो. बळीराम प्यालेला नव्हता. तो माझ्या शब्दावर खाली उतरला होता.